फोडलेल्या क्यूबचं पुढे काय होतं?

प्रश्न : आमच्या भागातल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबच्या मागे काँक्रीटच्या फुटक्या ठोकळ्यांचा ढीग कायम वाढत असतो. चांगलं काँक्रीट करायचं, महिनाभर पाण्यात ठेवायचं आणि मग मशीनखाली फोडून टाकायचं, ही नासाडी नाही का? पर्यावरण सांभाळून तपासणी करता येत नाही का? दुसरी शंका घरची आहे. महापालिका हद्दीत आमचा छोटा प्लॉट आहे, त्यावर दोन खोल्या बांधायच्या आहेत. राखेच्या विटा वापरल्या तर सरकारी मदत अडकते, असं आमचा गवंडी म्हणतो. खरं काय?
— एक वाचक, म्हसरूळ, नाशिक

उत्तर : आधी त्या ढिगाचं वजन करू.

साइटवर या ठोकळ्यांना सगळे क्यूबच म्हणतात. प्रत्येक बाजू १५० मिलिमीटर, वजन आठ किलोच्या किंचित वर. स्लॅबच्या दिवशी मिक्सरमधून निघालेल्या मालातूनच ते भरायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढायचे, २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि २८व्या दिवशी फुटेपर्यंत दाबायचे. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल, तर क्यूबने साधारण ४५ टनांचा भार सोसायला हवा. किती क्यूब भरायचे हे ‘आयएस ४५६’ या मानकात ठरलेलं आहे. दिवसभरात पाच घनमीटरपर्यंत काँक्रीट ओतलं तर एक नमुना, पंधरापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन, पन्नासपर्यंत चार, आणि पुढच्या प्रत्येक पन्नास घनमीटरला आणखी एक. एका नमुन्यात तीन क्यूब.

आता १०० घनमीटरचा मोठा स्लॅब घ्या. पाच नमुने, पंधरा क्यूब. सातव्या दिवशीचा अंदाज हवा म्हणून तेवढेच आणखी भरले, तर तीस. वजन झालं जेमतेम अडीच क्विंटल. त्या स्लॅबचं वजन २४० टन. म्हणजे हजार भागांत एक भाग फुटला. लॅबमागचा ढीग डोळ्यांत भरतो, हिशेबात फारसा भरत नाही. दहा-वीस साइटींचे क्यूब एकाच जागी येऊन पडतात म्हणून तो तेवढा मोठा दिसतो.

तरीही तुमचा प्रश्न मला सोडून द्यावासा वाटत नाही, कारण नासाडी आहेच. फक्त ती त्या ढिगात नाही. ती सिमेंटच्या गोणीत आहे, आणि तिथे जाण्याआधी लॅबच्या आतल्या काही गोष्टी पाहायला हव्यात.

क्यूबच्या आकारापासून सुरुवात करू. काँक्रीटमधली खडी २० मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल, तर १०० मिलिमीटर बाजूचा क्यूब चालतो, ही मुभा आपल्या मानकात फार जुनी आहे. घरांच्या कामात खडी बहुधा २० मिलिमीटरचीच असते. लहान क्यूबचं वजन २.४ किलो, म्हणजे मोठ्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. साचा हलका, टाकीत जागा कमी, बदलायचं पाणी कमी (हे पाणी दर सात दिवसांनी बदलायचं असतं), मजुराच्या पाठीवर ओझं कमी. तरीही बहुतेक ठिकाणी १५० मिलिमीटरचेच साचे दिसतात. कारण विचारलं, तर ‘सगळे तेच वापरतात’ याहून वेगळं उत्तर क्वचित मिळतं.

आता वेळेचं. २८ दिवस थांबायचं नसेल, तर क्यूब गरम पाण्यात ठेवून लवकर पिकवण्याची पद्धत ‘आयएस ९०१३’मध्ये दिलेली आहे. ५५ अंशांच्या पाण्यात वीस तास, किंवा उकळत्या पाण्यात साडेतीन तास. त्यावरून पुढच्या ताकदीचा अंदाज बांधता येतो. यात वीज जाते, हे खरं. पण खराब काँक्रीट चार आठवड्यांनी कळण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळलं, तर त्यावर दुसरा मजला चढण्याआधी काम थांबवता येतं. तोडून पुन्हा बांधण्याइतकी मोठी नासाडी बांधकामात दुसरी नाही. उभ्या इमारतीची तपासणी न फोडताही होते. रिबाउंड हॅमर पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते पाहायचं, किंवा अल्ट्रासॉनिक लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजायचं. मात्र या पद्धती क्यूबची जागा घेत नाहीत, त्याला जोड देतात. ‘हॅमर मारून पाहिला, सगळं ठीक आहे’ असं कुणी सांगितलं, तर क्यूबचा रिपोर्टही मागा.

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट काँक्रीटच्या नव्हे, मातीच्या टेबलावर असते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. निफाड-पिंपळगाव पट्ट्यात उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. तिच्यावर उथळ पाया घातला, तर भिंतीला तिरक्या चिरा जातात. माती सुकताना किती ओलाव्याला आक्रसायची थांबते, हे मोजण्याची जुनी पद्धत पाऱ्यावर चालते. मातीची सुकलेली वडी पाऱ्यात बुडवायची आणि बाहेर सांडलेल्या पाऱ्यावरून तिचं आकारमान काढायचं. पारा मातीला चिकटत नाही, तिच्यात मुरत नाही, म्हणून मोजमाप नेमकं येतं. पण त्याची वाफ बिनवासाची आणि विषारी, आणि सांडलेले थेंब फरशीच्या सांध्यांत वर्षानुवर्षं राहतात. ही वाफ श्वासातून घेणार कोण, तर डिप्लोमाची पोरं आणि लॅबचे सहायक. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१८मध्ये शिक्कामोर्तब केलं. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेने पाऱ्याची ही चाचणी २००८मध्येच मागे घेतली. त्याऐवजी वडीला मेणाचा पातळ थर देऊन ती पाण्यात तोलायची पद्धत आहे. मेण, पाणी आणि तराजू, एवढ्यात काम होतं. आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हा बदल करायला निधी लागत नाही, कुणी तरी ठरवावं लागतं.

त्याच मातीच्या टेबलावर एक निरुपद्रवी, गमतीदार चाचणीही आहे. चाळलेली, वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकावरून फुगण्याची टक्केवारी निघते. ती पन्नासच्या पुढे गेली, तर पाया नेहमीसारखा घालू नका. तुमच्या प्लॉटवर पाया खणाल तेव्हा चार-पाच फुटांवर मुरूम लागतो की काळी चिकट माती, ते आधी पाहा. काळी लागली, तर ही चाचणी करून घ्या. खर्च किरकोळ आहे. अशा मातीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कंदासारखे फुगीर असलेले ‘अंडर-रीम्ड’ खांब विकसित केले आहेत. खांबाचा फुगवटा हंगामी ओलावा पोहोचत नाही अशा खोलीवर असतो, त्यामुळे वरची माती फुगली-आक्रसली तरी घर जागचं हलत नाही. दोन खोल्यांसाठी हे करायचं की काळी माती काढून मुरूम भरायचा, हे तुमच्या इंजिनीअरने जागा पाहून सांगावं.

तुम्ही राहता तिथून मेरी हाकेच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, दिंडोरी रोड. १९५९ची संस्था. धरणं आणि कालवे यांच्या कामासाठी माती, काँक्रीट, खडी तपासणं हे तिचं मूळ काम. नाशिककरांना ‘मेरी’ हा बसथांबा आणि कॉलनी म्हणून जास्त माहीत. महाराष्ट्रातल्या धरणांमागे तिथल्या चाचण्या आहेत हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. तिचं नाव मी उगाच काढलेलं नाही, पुढे परत काढणार आहे.

आता गोणीकडे. सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर. चुनखडी १४५० अंशांच्या आसपास भाजून तो बनवतात. एक टन क्लिंकरमागे पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग कोळशाचा नसतो, खुद्द चुनखडीतून सुटलेला असतो. म्हणजे भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच. यावर दोन उपाय आहेत. क्लिंकर कमी वापरणं, आणि लागेल तेवढंच सिमेंट वापरणं.

पहिला उपाय तुमच्या घरात आधीच आलेला आहे, तुमच्या गवंड्याला माहीत नसेल एवढंच. दुकानातून आपण जी पीपीसीची गोणी आणतो, तिच्यात मानकानुसार १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख असते. राखेच्या विटेला नाक मुरडणारा माणूस राखेच्याच सिमेंटने स्लॅब टाकत असतो! नाशिकपुरतं बोलायचं तर एकलहऱ्याचं केंद्र आपल्या दाराशी आहे. २१० मेगावॅटचे तीन संच, आणि दगडी कोळसा जळल्यावर उरणारी राख. ही राख वापरली जावी म्हणून केंद्र सरकारने १९९९मध्ये पहिली अधिसूचना काढली. त्यानंतर ती अनेकदा कडक झाली. २०१६मध्ये महाराष्ट्राने राखेसाठी स्वतंत्र धोरणही आणलं.

राखेची वीट कमजोर असते का? मानकाच्या कसोटीवर उतरलेली वीट नसते. राख-चुन्याच्या विटेचं मानक ‘आयएस १२८९४’. त्यात सर्वांत खालच्या प्रतीलाही दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलोचा दाब सोसावा लागतो. भट्टीच्या विटेच्या मानकातली सर्वांत खालची प्रतही तेवढीच आहे. राखेची वीट यंत्राच्या साच्यातून येते, म्हणून आकार एकसारखा, मसाला कमी लागतो, गिलावा पातळ बसतो. भट्टीच्या विटेसाठी शेताचा वरचा कसदार थर जातो आणि कोळसा जळतो, ते इथे वाचतं.

पण गवंड्यांची तक्रार सगळी खोटी नाही. राखेच्या भिंतीला बारीक भेगा पडतात, असं ते म्हणतात, आणि पुष्कळदा पडतातही. कारण वीट ताजी असते. चार-आठ दिवसांपूर्वी साच्यातून निघालेली वीट साइटवर येते, भिंतीत बसल्यावर आक्रसते, आणि भेग जाते. विक्रेत्याला वीट कधी बनवली ते विचारा. तीन-चार आठवडे पिकलेलीच घ्या. भट्टीच्या विटेसारखी तासन् तास पाण्यात बुडवू नका, वरून हलकं पाणी मारा. आणि एक परीक्षा घरीच करा. पाच विटा पूर्ण सुकवून तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन सरासरीने २० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर गाडी परत पाठवा. लॅबमध्येही हीच चाचणी होते, फक्त तिथे तराजू चांगला असतो आणि विटा सुकवायला ओव्हन असतो.

या दिशेने पुढची पायरी म्हणजे चुनखडीची पूड आणि भाजलेली चिकणमाती मिसळून केलेलं एलसी-३ नावाचं सिमेंट. त्यात क्लिंकर निम्मंच असतं. दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी स्वित्झर्लंडच्या संशोधकांबरोबर त्यावर बरीच वर्षं काम केलं आणि २०२३मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं. कार्बन ३० ते ४० टक्क्यांनी घटतो असं सांगतात. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते यायला वेळ लागेल, म्हणून इथेच थांबतो.

दुसरा उपाय, लागेल तेवढंच सिमेंट. लॅबचं खरं हरित काम मला इथे दिसतं. छोट्या घरांच्या साइटवर काँक्रीट ‘एक-दीड-तीन’ने होतं. एक घमेलं सिमेंट, दीड घमेली वाळू, तीन घमेली खडी. त्यात घनमीटरला आठ गोण्या जातात. तीच एम-२० ताकद लॅबमध्ये मिक्स डिझाइन करून, म्हणजे आपल्या इथली बेसॉल्टची खडी, आपल्या इथली क्रश सँड आणि नेमकं पाणी यांचं प्रमाण ठरवून काढली, तर साधारण सव्वासहा-साडेसहा गोण्यांत मिळते. तुमच्या दोन खोल्यांना पाया, कॉलम, बीम, स्लॅब धरून अंदाजे दहा घनमीटर काँक्रीट लागेल. पंधराच्या वर गोण्या वाचल्या. पैशांत पाच-सात हजार, वजनात पाऊण टन सिमेंट. त्यासमोर फुटलेले सगळे क्यूब मिळून पन्नास-शंभर किलो.

मग हे कुणी करत का नाही? कारण एका घरासाठी मिक्स डिझाइन करून घ्यायला जेवढे पैसे पडतात, तेवढेच वाचतात. शिवाय गवंड्याला घमेल्याची सवय, वजनकाटा साइटवर नाही. आणि काँक्रीट घट्ट वाटलं की मिक्सरवाला पाण्याची बादली ओततो. त्या एका बादलीत लॅबचं सगळं गणित वाहून जातं. जास्त पाण्याने ताकद पडते, ती भरून काढायला जास्त सिमेंट टाकायचं, हा आपल्याकडचा खेळ आहे. आणखी एक खेळ याहून वाईट आहे, तो म्हणजे लॅबला पाठवायचे क्यूब वेगळे, सढळ सिमेंट घालून भरणं. तसा क्यूब उत्तम रिपोर्ट आणतो आणि स्लॅबबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या नासाडीच्या प्रश्नाला माझं सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे. खरा क्यूब फुटला तर ती नासाडी नाही. खोटा क्यूब फुटला, तर आठ किलो काँक्रीट, महिनाभराचं पाणी आणि मशीनची वीज, सगळं वाया.

आता मदतीचं. राखेच्या विटांमुळे मदत अडकत नाही. तसा नियम नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याचा दुसरा टप्पा, पाच वर्षांत आणखी एक कोटी कुटुंबांसाठी, सप्टेंबर २०२४पासून लागू आहे. स्वतःच्या जागेवर स्वतः बांधणाऱ्यांचा त्यात वेगळा घटक आहे, आणि पहिल्या टप्प्यात देशभरात सर्वांत जास्त घरं याच घटकात झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल, तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा किमान एक लाख. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं, हा या योजनेचा मला आवडणारा भाग.

उत्पन्न तीन लाखांच्या वर, पण नऊ लाखांपर्यंत असेल, तर बांधकामाचं अनुदान नाही, पण गृहकर्जावर व्याजाची सवलत आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. मोठ्या बिल्डरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियमही नाशिकला लागू आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी तो आहे, आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीने जातात. २०२२च्या सुरुवातीला नाशिकमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला. तुमच्याकडे प्लॉट आहे, म्हणून त्यात शिरत नाही. सोडतीत उतरायचं असेल, तर एवढंच लक्षात ठेवा की म्हाडाच्या उत्पन्नमर्यादा आवास योजनेपेक्षा वेगळ्या आहेत. दोन्हीकडे एकच आकडा धरून बसू नका. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आणि अनुसूचित जातींसाठी रमाई या राज्याच्या घरकुल योजना आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, त्यामुळे चौकशीला मुंबई गाठावी लागत नाही.

तुमच्या बाबतीत अडलंच, तर ते विटेवर नाही, कागदावर अडेल. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव लागलेलं हवं. प्लॉट गुंठेवारीतला असेल, तर तो नियमित झालेला आहे का पाहा. २००१च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो. घरातल्या सगळ्यांचे आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि उत्पन्नाचा पुरावा लागेल. तहसीलदारांचा दाखला ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल, तर तो अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. लोक सर्वांत जास्त खेटे याच एका गोष्टीसाठी घालतात. बांधकाम परवानगीची धास्ती मात्र कमी झाली आहे. राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या साध्या घराला वेगळी मंजुरी लागत नाही. ठरलेल्या अटींत बसणारा नकाशा आणि शुल्क महापालिकेत भरलं की तिची पोच हीच परवानगी.

अर्ज ऑनलाइन होतो. महापालिकेतून किंवा नागरी सुविधा केंद्रातूनही करता येतो. पैसे एकदम मिळत नाहीत, काम पुढे सरकेल तसे हप्त्याने येतात, आणि काम पुढे सरकल्याचा पुरावा म्हणजे जागेचा ठावठिकाणा नोंदवलेले फोटो. पाया, लिंटेल, छत. ही पद्धत आल्यापासून कागदावरची घरं कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण फोटोत लिंटेल दिसतं, त्यातलं काँक्रीट पंधराचं आहे की वीसचं, ते दिसत नाही. त्रयस्थ पाहणीची तरतूद योजनेत आहे, पण ती नमुन्यादाखल होते. तुमच्या स्लॅबचा क्यूब बघायला कुणी येणार नाही.

या योजनेत नव्या बांधकाम तंत्रासाठी जास्तीची रक्कमही आहे. चौरस मीटरला हजार रुपये. पण ती भागीदारीतल्या मोठ्या गृहप्रकल्पांना मिळते, स्वतःच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधणाऱ्याला नाही. २०२१च्या जानेवारीत राजकोट, इंदूर, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ इथे प्रत्येकी हजार किंवा त्याहून थोड्या जास्त घरांचे ‘लाइट हाउस’ प्रकल्प सुरू झाले. कुठे कारखान्यात ओतलेल्या भिंती, कुठे हलकं पोलाद. चांगले प्रयोग आहेत, पण म्हसरूळच्या दोन खोल्यांना त्यांतलं काही उतरवून घेता येत नाही. सर्वाधिक घरं जिथे होतात, तिथे तंत्रज्ञान म्हणून अजून गवंड्याचं घमेलंच आहे.

म्हणून मेरीचं नाव परत काढतो. नाशिकच्या चार-पाच खाणींची खडी, इथली क्रश सँड आणि बाजारात मिळणारी पीपीसी घेऊन मेरीने किंवा एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजने एम-२० आणि एम-२५ची मिश्रणं एकदा तपासावीत. दर गोणीमागे किती घमेली खडी, किती वाळू, किती लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर पाण्यात किती घट, हे घमेल्याच्या मापात, मराठीत, एका पानावर लिहावं. घमेलंही एका मापाचं ठरवून द्यावं. आणि महापालिकेने ते पान आवास योजनेच्या मंजुरीपत्राला टाचून द्यावं. क्यूब फुटतील ते एकदाच, आणि मग वर्षातून एखाद-दोन वेळा पडताळणीपुरते. सिमेंट वाचेल ते शेकडो घरांत. घमेल्याचं माप वजनाइतकं अचूक नसतं, म्हणून अर्धी गोण ज्यादा धरावी लागेल. ती धरूनही आठ गोण्यांपेक्षा बरंच कमी होतं. मंजुरी, अनुदान आणि तपासलेलं प्रमाण ही तीन कामं तीन कार्यालयांत पडून राहिल्यामुळे गरिबाच्या घरात सिमेंट जास्त आणि ताकद कमी, असा उलटा प्रकार होतो.

असं पान हातात येईपर्यंत तुम्ही काय करावं? पाण्याची बादली मोजून द्या, मिक्सरजवळ स्वतः उभे राहा. एका गोणीला २५ लिटरपर्यंत पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पीपीसीची ताकद हळू चढते, म्हणून स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी साठवा. एप्रिल-मेचं नाशिकचं ऊन असेल, तर चौदा. सेंटरिंग काढायची घाई करू नका. बीमखालचे टेकू चौदा दिवस तरी राहू द्यावेत, आणि पीपीसी असल्यामुळे त्यात काही दिवस वाढवलेले बरे. स्लॅबच्या दिवशी क्यूब तुमच्यासमोर, मिक्सर मध्यावर असताना निघालेल्या मालातून भरायला सांगा. तीन क्यूबच्या तपासणीला काही शे रुपये लागतात. एनएबीएलची मान्यता असलेली लॅब निवडा आणि रिपोर्टवर तिन्ही क्यूबचे वेगवेगळे आकडे मागा. नुसती सरासरी नको.

आणि तो ढीग. २०१६ साली सुधारलेल्या खडीच्या मानकाने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीला दार उघडून दिलं आहे. पायाखालच्या कोब्यासारख्या हलक्या काँक्रीटमध्ये ती शंभर टक्के चालते, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-२५पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत. फुटलेला क्यूब हा या कामासाठी सगळ्यात उत्तम माल. त्यात माती नाही, प्लास्टर नाही, लाकूड नाही, शिवाय त्याची ताकद लॅबने लिहून ठेवलेली. लॅबवाल्यांना विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी ढीग उचलून नेणाऱ्याला ते खुशीने नेऊ देतात. तुमच्या जोत्याच्या आत भर घालायला तो चालेल, फक्त घणाने फोडून मुठीएवढा करा आणि थराथराने धुमसा. पण जोत्याचं काम आत्ताच काढू नका. आधी अर्ज करा, मंजुरीचा कागद हातात येऊ द्या, आणि मोकळ्या प्लॉटचा पहिला फोटो नोंदवून झाल्यावरच कुदळ मारा. उभ्या घरासाठी हे अनुदान मागता येत नाही.